टेकडीवरचा तिसरा आवाज

१

येसूला घोणस चावली ती करवंदं काढताना. सूर्यमाळ गावाच्या वरच्या अंगाला त्याचा पाडा. तिथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून आमच्या आरोग्य मंडळाने तिथली नर्स हर्षाली हिला वॉकीटॉकी दिलेली आहे. पाड्याच्या डोक्यावर टेकडी, टेकडीवर मंडळाचा मनोरा आणि मनोऱ्यावर रिपीटर. हर्षालीची हाक तो पकडतो आणि जोर लावून जव्हारच्या कंट्रोलरूमला पोचवतो. सगळी व्यवस्था अशी झकास, कागदावर तर फारच झकास.

त्या शनिवारी हर्षाली येसूच्या अंगणात उभी राहून अर्धा तास हाका मारत होती. जव्हारहून कुणी ओ दिली नाही. शेवटी चौघांनी येसूला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत खांद्यावर आणलं. तिथून जीप मिळाली, पण जव्हार यायच्या आत येसू गेला. त्याला जायचं वय नव्हतं.

कंट्रोलरूममध्ये तेव्हा रंजना होती. म्हणजे असायला हवी होती. आमच्या शिपायाने तिची खुर्ची रिकामी पाहिली. त्या दिवशी आठवड्याचा बाजार. एवढं सचिवसाहेबांना पुरलं. बाई बाजारात भटकत होती आणि तिकडे माणूस मेला, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. येणारा सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारच्या बैठकीत रंजनाला काढायचं, हेही ठरलं. नोकरी जाणार होतीच, पण त्याहून वाईट म्हणजे गावात तिच्याशी कुणी धड बोलेना.

मी गौतम, मंडळाचा कारकून. माझा आणि रंजनाचा डबा एकाच टेबलावर उघडतो. ती पाणी प्यायला उठली तरी मला सांगून उठते. पण कारकुनाच्या मताला विचारतो कोण? येसूची बायको सरू कचेरीत आली तेव्हा मी तिथेच होतो. ती रडली नाही. रंजनासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तू बसली असतीस तं माझा मानूस उठला असता."

सरू गेल्यावर रंजना मला म्हणाली, "गौतमदादा, मी खोलीतच होते हो. सेटमधून नुसती खरखर येत होती. मागचा अँटेनाचा खांब हलवून बघायला गेले, तेवढीच काय ती खुर्ची सोडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेटचं बटण फिरवलं. खरखर वगैरे काही नव्हती. सेट शांत होता.

२

पुष्पलता भोये आमच्या जव्हारचीच, भोये गुरुजींची मुलगी. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती रेडिओची यंत्रं मोजते. सुट्टीला घरी आली होती. मी तिच्या दारात जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. मी गप्प झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "खरखर कायम असते, की येते-जाते?"

तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. रंजनाला विचारल्यावर ती म्हणाली, होळीनंतर सुरू झाली. असली की दिवसचे दिवस असते. मधूनच एखादी सकाळ आरशासारखी स्वच्छ जाते. दुपारपासून पुन्हा खरखर. तक्रार केली की नीलेश वर जातो आणि सेट ठणठणीत असल्याचं सांगून खाली येतो.

नीलेश म्हणजे सेटच्या देखभालीचं कंत्राट घेतलेला माणूस. केस कायम विंचरलेले आणि बोलणं गुळगुळीत. माझा संशय पहिल्यापासून त्याच्यावर. त्याने रिपीटरमध्ये कुठला तरी फडतूस भाग बसवला असणार, असं मी पुष्पलताला बजावून ठेवलं होतं. पण नीलेश डगमगला नाही. "मॅडम, मी जेव्हा जेव्हा वर गेलो तेव्हा तेव्हा हर्षालीची हाक इथे लख्ख ऐकू आली. वाटलं तर शिपायाला विचारा." शिपायाने मान डोलावली. तेवढं खरं होतं. वर जाता कशाने, असं पुष्पलताने सहज विचारलं तेव्हा मात्र त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि "जीपने, आणखी कशाने" म्हणून विषय बदलला.

"हा काहीतरी लपवतोय," मी बाहेर आल्यावर म्हणालो.

"लपवतोय. पण हाक लख्ख ऐकू आली हे खरं सांगतोय," पुष्पलता म्हणाली. "रंजनाही खरं बोलतेय असं धरू या. दोघंही खरे असतील, तर वर दोन वेगवेगळ्या टेकड्या आहेत म्हणायच्या. उद्या जाऊन बघू."

३

दुसऱ्या दिवशी आम्ही भाड्याच्या जीपने वर गेलो. उन्हाने करपलेला डोंगर, आणि टेकडीच्या पायथ्याला, जिथे मोठं वाहन वळू शकतं त्या एकुलत्या एका वळणावर, पाण्याचा टँकर उभा. पाड्याच्या बाया भोवती जमलेल्या. लोखंडी गंजके ड्रम एकेक करून पाइपाखाली लोटले जात होते. बाजूला धुळीत एक साखळी वेटोळं करून पडली होती आणि त्या सगळ्यांवर सरू लक्ष ठेवून होती. तिने आमच्याकडे पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. टँकरवाला चंदू टायरला टेकून तंबाखू मळत होता.

टेकडीवर आमच्या मनोऱ्याशेजारी आणखी दोन मनोरे आहेत. एक नदीच्या पाण्याची पातळी खाली कळवत राहतो, दुसरा रानातल्या चौक्यांसाठी. दोन्ही दिवसरात्र चालू. पुष्पलताने तिचं मोजायचं यंत्र आमच्या रिपीटरच्या तारेला जोडलं. पडद्यावर त्या दोन मनोऱ्यांचे दोन उंच सुळके दिसले. आमच्या जागेवर मात्र काहीच नाही. हर्षालीने पाड्यातून हाक मारली. ती खणखणीत ऐकू आली.

"लिहू का, सेट ठीक म्हणून?" मी विचारलं, जरा खवचटपणेच. उन्हाने डोकं तापलं होतं.

तिने यंत्र मुकाट्याने पेटीत घातलं. आम्ही जीपने खाली उतरलो. आम्ही कचेरीत पाय ठेवला तेव्हा रंजना खोलीच्या दारात उभी होती. ती काही बोलायच्या आत आम्हाला ऐकू आलं. सेट खरखरत होता, तव्यावर फोडणी पडल्यासारखा. हर्षाली ओरडत असेल तर असो, त्यातून तिचा एक शब्दही निघत नव्हता.

पुष्पलताने पेटी खाली ठेवली. दिवसभरात पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. "रंजना खोटं बोलत नाही, एवढं पक्कं झालं. आता मला सांगा गौतमदादा, आपण खाली उतरलो तेवढ्यात वर काय बदललं?"

बदललं होतं एकच. टँकर निघून गेला होता.

४

चंदू रात्रीचा टँकर जव्हारच्या एसटी डेपोच्या मागे लावतो. सकाळी आम्ही तिथे हजर झालो. चंदू बारा गावचं पाणी प्यालेला. मुंबईत गाड्या चालवून आलेला, त्यामुळे अर्धं बोलणं हिंदीत. कॅबिन उघड म्हटल्यावर "काय को, साहेब" सुरू झालं. मी सीटखाली हात घातला तर हाताला वॉकीटॉकी लागला, विनापरवाना.

झालं, सापडला चोर, असं मला वाटलं. येसूची हाक यानेच दाबली. मी त्याची कॉलर धरायच्या बेतात होतो. चंदूचं तोंड उतरलं. पुढे रस्त्यावर गाड्या तपासतायत का, ते दुसऱ्या ड्रायव्हरला विचारायला ठेवलाय, त्याहून जास्त काही नाही, अशी त्याने आईची शपथ घेतली.

"खरखर तू गेल्यावर सुरू होते, तू असताना नाही," पुष्पलता त्याला म्हणाली. मग तिने डॅशबोर्डवरचा एक स्क्रू ड्रायव्हर उचलला. मुठीला निळी पट्टी गुंडाळलेली. तसाच मी नीलेशच्या पिशवीत पाहिला होता. "हा कुणाचा?"

चंदूने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. नीलेशभाऊ नेहमी आपल्याच गाडीतून वर येतात, तो म्हणाला. टँकरचा फेरा असला की डेपोजवळ गाडीत चढतात आणि टँकरबरोबरच परत येतात. जीप कशाला करायची फुकटची? मंडळाने दिलेलं भाडं खिशात राहतं.

पुष्पलता तो स्क्रू ड्रायव्हर बोटात फिरवत होती. मी म्हणालो, सरळ आहे, दोघं मिळालेले आहेत.

"कदाचित," ती म्हणाली. "पण मी कुणावर बोट ठेवणार नाही. आधी मोजेन. कुणी लपून बोलत असेल तर त्याचा आवाज एका तऱ्हेने वागतो, आणि आवाज आपोआप जन्मत असेल तर दुसऱ्या तऱ्हेने. त्याला लबाडी करता येत नाही."

येसूला जाऊन त्या दिवशी आठवडा झाला होता, पुन्हा शनिवारच. उरलेला दिवस तिने फोनवर घालवला. शेजारच्या दोन्ही मनोऱ्यांच्या माणसांना तिने इतकं पिडलं, की रविवारी टेकडीवर येऊन थोडा वेळ तिच्या सांगण्याप्रमाणे यंत्रं कमीजास्त करायला ते कंटाळून तयार झाले. बैठक सोमवारी होती.

५

रविवारी टँकरचा फेरा नव्हता. आम्ही टेकडीवर पोचलो तेव्हा पडद्यावर तीन सुळके होते. दोन मनोऱ्यांचे दोन आणि नेमका आमच्या जागेवर तिसरा, फुरफुरणारा.

नीलेशलाही तिने बोलावून घेतलं होतं. तो घाम पुसत उभा होता. तिने नदीच्या मनोऱ्यातल्या माणसाला यंत्र घडीभर बंद करायला सांगितलं. तिसरा सुळका गेला. चालू केल्यावर परत आला. मग दुसरा मनोरा बंद केला. तेव्हाही तिसरा गेला.

"चंदू सुटला," ती म्हणाली. "चोरून कुणी बोलत असतं तर त्याला या दोघांशी काय घेणं? दोघं एकदम बोलतात तेव्हाच तिसरा उठतो. म्हणजे तो यांचंच लेकरू आहे."

मला काही कळलं नाही हे तिने माझ्या तोंडावरून ओळखलं. मग तिने गुरुजींच्या मुलीला शोभेल असं समजावलं. सरळ वस्तूत दुप्पट घातलं की दुप्पट बाहेर येतं, आणि दोन आवाज घातले तर दोनच बाहेर येतात. वाकड्या वस्तूत तो हिशेब बिघडतो. तिच्यात दोन आवाज एकमेकांत कालवले जातात आणि जगात कुणी न काढलेला तिसरा आवाज तयार होतो. नदीचा मनोरा एकशेपंचावन्नावर बोलतो, रानाचा एकशेएकोणपन्नासावर. पहिल्याची दुप्पट तीनशेदहा, त्यातून दुसरा वजा केला की एकशेएकसष्ट उरतात. आणि एकशेएकसष्ट हीच हर्षालीची जागा.

"म्हणजे वाकडी वस्तू याचा रिपीटर," मी नीलेशकडे पाहून म्हणालो. मला तसं मनापासून हवं होतं.

तिने अँटेनाची तार सोडवली आणि तार व रिपीटर यांच्यामध्ये काडेपेटीएवढी एक डबी बसवली. ती डबी आत येणारं सगळं निम्मं करते. कालवाकालव रिपीटरच्या पोटात होत असेल, तर दोन्ही आवाज निम्मे झाल्यावर तिसरा तीनदा निम्मा होईल, कारण त्याच्या हिशेबात पहिला दोनदा येतो आणि दुसरा एकदा; म्हणजे तो एकदम आठव्या हिश्शावर कोसळेल. तो बाहेरूनच तयार होऊन येत असेल, तर इतरांसारखा निम्मा होईल, बस.

आम्ही तिघं पडद्यावर वाकलो. तिसरा सुळका बरोब्बर निम्मा झाला.

"मी फडतूस भाग घातला नाही हो," नीलेश म्हणाला. "जीपचं मात्र खोटं बोललो."

"आणि ते खोटंच महागात पडलं," पुष्पलता म्हणाली, पण कारण सांगायला थांबली नाही. तिने डबी काढली आणि दोन्ही मनोऱ्यांतल्या माणसांना जोर निम्म्यावर आणायला सांगितलं. या वेळी तिसरा सुळका पाचव्या हिश्शाच्या आसपास उतरला. आकडा चुकला की काय, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं.

ती मात्र खूश होती. "पुस्तकाप्रमाणे आठवा हिस्सा यायला हवा होता. पण वाकड्या वस्तूंचीही आपापली चाल असते, गौतमदादा. त्या चालीचे आराखडे करणं हेच माझं पुण्यातलं काम. लोखंडाला लोखंड ढिलं टेकलंय आणि मधे गंज आहे, अशा सांध्यातून आवाज असा आळशी उतरतो. आपला आरोपी गंजलेला आहे."

तिने पेटीतून माशाच्या काट्यासारखा हातभर अँटेना काढला आणि तो पुढे धरून टेकडी उतरायला लागली. डावीकडे वळली की सुळका खाली जाई, उजवीकडे वळली की वर. ती थेट त्या वळणावर येऊन थांबली. तिथे पाड्याचे वीसेक गंजके ड्रम ओळीने उभे होते, आणि त्यांच्या कड्यांतून ओवलेली एक गंजकी साखळी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. शेवटी कुलूप. तिने काठीने साखळी जराशी हलवली. हातातलं यंत्र पिसाळल्यासारखं खरखरलं.

६

कुलपाची किल्ली सरूच्या गळ्यात होती, काळ्या दोऱ्यात. किल्ली मागितल्यावर ती म्हणाली, "आता नाय निघणार. गाडी आली का सगळ्यांचे देखत निघंल. असा ठरलाय."

हा पाड्याचा कायदा. गेल्या उन्हाळ्यात ड्रमातलं पाणी चोरीला जायला लागलं आणि बायाबायांत भांडणं जुंपली. म्हणून या होळीनंतर साखळी आली. टँकर आला की सगळ्यांसमोर कुलूप निघायचं, ड्रम सुटे होऊन पाइपाखाली जायचे, भरून झाले की पुन्हा साखळीत. एरवी कुणासाठी म्हणजे कुणासाठीही ती उघडायची नाही.

आता माझ्याही डोक्यात उजेड पडला. साखळी सुटी असे ती फक्त टँकरच्या सकाळी. आणि नीलेश सेट तपासायला येई तोही टँकरमधून. तो येई तेव्हा आवाज मेलेला असे, तो जाई तेव्हा परत जिवंत होई. इतके दिवस तो निरोगी माणसाचीच नाडी बघून जात होता.

मी पुष्पलताला बाजूला घेतलं. म्हटलं, अहवालात नुसतं गंज लिहा, कुणाचा ते कशाला? या बाईचा नवरा गेलाय. ती म्हणाली, "नुसता गंज लिहिला तर साखळी तशीच राहील. उद्या आणखी कुणाची हाक बुडेल, आणि खुर्चीवर बसलेल्या दुसऱ्या कुणाचा बळी जाईल. मला वाईट वाटतंय, दादा. पण मी हे अर्धवट सोडणार नाही."

मग तिने पाड्यातल्या सगळ्या बायांना बोलावलं, ड्रमांशेजारी जमिनीवर बसली आणि काहीही न लपवता सांगितलं. यंत्राची खरखर त्यांना ऐकवली. हर्षालीला समोरच उभं करून बोलायला लावलं. दहा पावलांवरची तिची हाक रिपीटरवरून परत आली तेव्हा तिच्यात एकही शब्द नव्हता. "साखळी काढल्यावर हा आवाज थांबला," ती म्हणाली, "तर रंजना खोटी नव्हती. थांबला नाही, तर मी खोटी."

सगळ्या सरूकडे पाहत होत्या. सरू साखळीकडे पाहत होती.

"ही त्यानीच आनलेली," ती म्हणाली. "जव्हारच्या भंगारातून. खांद्यावर घेऊन आला. मीच बोललू होतू, कायतरी कर, पानी राहात नाय."

तिने गळ्यातून दोरा काढला आणि वाकून कुलूप उघडलं. एकेका कडीतून साखळी ओढत ती ड्रमांच्या ओळीने चालत गेली. तिच्या मागे खरखर तुटत गेली, फाटत गेली, आणि शेवटच्या कडीतून साखळी सुटून धुळीत पडल्यावर थांबली. त्या शांततेत हर्षालीचा आवाज स्पष्ट आला. ती हुंदका आवरत जव्हारला हाक मारत होती.

सरू खाली बसली. पुष्पलता तिच्याजवळ गेली आणि म्हणाली की साखळी बांधणाऱ्याचा यात काही दोष नाही. रंजना होळीपासून सांगत होती, ते आम्हीच ऐकलं नाही.

"पानी रोज असता," सरू म्हणाली, "तं साखळी लागली असती का, बाय?"



७

सोमवारच्या बैठकीत सचिवसाहेबांनी अहवाल चाळला आणि त्यांना तो भारी अवघड वाटला. रिकाम्या खुर्चीचं काय, असं त्यांनी विचारलं. पुष्पलताने उत्तर दिलं की खरखर ऐकून खांब बघायला उठली म्हणून खुर्ची रिकामी होती, आणि होळीपासून तक्रारी होत असताना काही करायला उठलेली ती एकटीच. साहेब तरीही सुपारी चघळत राहिले. "किरकोळ तांत्रिक बिघाड" एवढंच लिहून, रंजनाला समज देऊन विषय संपवावा, असं त्यांच्या मनात होतं.

तेवढ्यात दार उघडलं. सरू होती. चंदूच्या टँकरमधून, कडेवर मूल घेऊन आली होती. तिला आत बस म्हणावं की बाहेर थांब, हे कुणाला सुचेना. तिने विचारलंही नाही.

"बाय बसली होती," ती सचिवसाहेबांना म्हणाली. "हाक आमच्या साखळीत अडकली. हे जसाच्या तसा लिवा."

मीच लिहिलं, जसंच्या तसं. साहेबांनी सही केली. नीलेशचं कंत्राट गेलं. येसूला मात्र यातून काही मिळालं नाही, हे मला अजून खुपतं.

आता वळणावरचे ड्रम प्लॅस्टिकचे आहेत आणि त्यांतून सुंभाचा दोर ओवलेला आहे. किल्ली गेली, पण सगळ्यांच्या देखत गाठ सोडायचा कायदा तसाच आहे. रोज सकाळी, टँकर असो वा नसो, पाड्यावरून जव्हारला एक हाक मारून बघायची, असं पुष्पलता पुण्याला जाताना बजावून गेली. हर्षालीला पाड्यापाड्यांतून फिरायचं असतं, म्हणून ते काम तिने दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं ठरलं.

पहिल्या सकाळी मी डबा ठेवायला कंट्रोलरूममध्ये गेलो तर सेट बोलला. स्वच्छ, अगदी शेजारच्या खोलीतून आल्यासारखा.

"सरू बोलतू. बसली हायेस का?"

रंजनाने बटण दाबलं. तिने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"हो, सरूबाई. बसलेय."